योनाश, ‘शिडी’ आणि तुमची प्रतिक्रिया

अमेरिकेत गेलेला चेक संपादक आणि राजकारणी कारेल योनाश याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘भाबडा लेख. वर्तमानपत्राची शिडी करून सत्तेवर चढलेला संधीसाधू. बेनेट कायद्याची लाट आली, हा तिच्यावर स्वार झाला. आणि तो गव्हर्नर नव्हता, अभ्यास वाढवा.’

बरोबर, तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नरच्या खालचा पदाधिकारी होता. फोटोखालच्या ओळीतली चूक माझी, दुरुस्त केली आहे. पण ‘अभ्यास वाढवा’ ही काय सांगायची रीत झाली? तीन आठवडे खपून लिहिलेल्या मजकुराला ‘भाबडा’ म्हणून तुम्ही मोकळे झालात.

आता शिडी. बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) मालेशोवचा हा तरुण आधी लंडनला गेला, मग 1863 साली विस्कॉन्सिनमधल्या रसीनला आला आणि ‘स्लाव्हिये’ या चेक पत्राचा संपादक झाला. राज्याच्या विधानसभेत तो पोचला 1878 साली. मधली पंधरा वर्षं मोजा जरा. नव्या मुलखात भाषेवाचून अडलेल्या आपल्या माणसांसाठी त्याने चेक-इंग्रजी कोश रचला, इंग्रजी शिकवणारं व्याकरण लिहिलं. ज्याला नुसतं वर चढायचंय तो कोश रचत बसतो?

‘शिडी’ हा शब्द मला का लागला, तेही सांगतो. माझे वडील तालुक्याच्या गावी चार पानी साप्ताहिक काढायचे. बाजाराच्या दिवशी ओसरीवर माणसं कोर्टाची नोटीस, तलाठ्याचा कागद घेऊन बसायची. बाबा हातातले छपाईचे खिळे बाजूला ठेवून आधी ते वाचून दाखवायचे. पुढे लोकांनीच त्यांना नगरपालिकेला उभं केलं. निवडून आले त्या संध्याकाळी चौकात कोणीतरी हेच म्हणालं, ‘पेपरची शिडी केली.’ बाबा रात्री जेवले नाहीत. मी अकरा वर्षांचा होतो. तुम्ही कधी कोणाचा कागद वाचून दिला आहे का?

राहिला बेनेट कायदा. 1889 साली त्याने विस्कॉन्सिनच्या शाळांत इंग्रजीतून शिकवणं सक्तीचं केलं, डेमोक्रॅट विरोधात उभे राहिले आणि 1890 ची निवडणूक जिंकले. योनाश त्यांच्यातच होता, हे मी लेखात लिहिलंच आहे. मुलांच्या शाळेतून घरची भाषा हाकलली जात असताना त्या भाषेतल्या संपादकाने घरी बसायचं होतं का? त्याच्या वकिलातीतल्या नेमणुकांवरही तुम्ही दोन ओळी खरडल्या आहेत. त्यात शिरत नाही.

पुढच्या वेळी नावानिशी लिहा. दुरुस्तीखाली मला तुमचं नाव द्यायचं होतं, पण तुम्ही ते दिलंच नाहीत.