वाघी आली का?

मे संपत आला होता. आगोटीची घाई चालू होती: लाकडं रचायची, पडवीला झापं बांधायची, आमसुलं वाळली का बघायची. अशात चिपळूणहून भाचीचा फोन आला. "मामा, फक्त पंधरा दिवस."

ही पोरगी दिवसा नोकरी करते आणि उरलेल्या वेळात रस्त्यावरची कुत्री गोळा करते. त्यातली एक माणसांना फार घाबरायची. ती मी 'फॉस्टर' करायची. म्हणजे घरी ठेवायची, तिची भीती घालवायची आणि मग चांगलं घर बघून तिकडे पाठवायची. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "स्थळ मिळेपर्यंत आपल्याकडे होय? देण्याघेण्याचं काय ठरलंय?"

दीड-दोन वर्षांची कुत्री. रेबीजची लस टोचलेली, एका कानाला नसबंदीची खाच, अंगावर करड्या-काळ्या पट्ट्या. पट्ट्यांवरून भाचीने नाव ठेवलेलं वाघी. ही वाघी पिंजऱ्याचं दार उघडल्यावर अर्धा तास बाहेर आली नाही. आली ती पोटाने सरपटत आणि थेट माजघरातल्या कणगीमागे गेली. भिंत आणि कणगी यांच्यामध्ये जेमतेम हातभर फट. पुढचे तीन आठवडे आम्हाला दिवसाउजेडी वाघीचं फक्त नाक दिसलं. काळं, ओलं, पिकल्या जांभळासारखं.

भाची जाताना सूचना देऊन गेली. डोळ्यांत बघायचं नाही. समोरून जायचं नाही, अंग वळवून बाजूला बसायचं. डोक्यावरून हात फिरवायला वाकायचं नाही. बाहेर न्यायची तर एक दोरी गळ्यातल्या पट्ट्याला आणि दुसरी छातीवरच्या पट्ट्याला, कारण घाबरलेलं कुत्रं मागे सरकून मान सोडवून घेतं. तीन दिवस लपण्याचे, तीन आठवडे घर कळण्याचे, तीन महिने ते आपलं वाटण्याचे, असा त्या लोकांचा ढोबळ हिशेब असतो. यात पंधरा दिवस नेमके कुठे बसतात असं मी विचारलं, तोवर तिने गाडी सुरू केली होती. काच खाली करून एवढंच म्हणाली, "मामा, मुख्य म्हणजे तिच्याकडे दुर्लक्ष करा."

दुर्लक्ष! गुहागरात! आमच्या खालच्या पाटात, म्हणजे आमच्या वाडीत, कुणाकडे पाहुणा यायचा असेल, तर त्याच्या पिशवीत काय आहे ही बातमी एसटी थांबायच्या आत घरी पोचलेली असते. आम्ही दुर्लक्ष करतो ते फक्त वर्गणी मागायला आलेल्याकडे, आणि तेसुद्धा खिडकीच्या फटीतून त्याला नीट बघून घेऊन.

पहिल्याच संध्याकाळी शेजारचे अण्णा आले. अण्णा निवृत्त मास्तर. शेवटच्या बाकावर झोपलेल्या पोराला उठवायचा आवाज त्यांना निवृत्तीनंतरही खाली आणता आलेला नाही. "कुठाय? बघू!" असं म्हणून त्यांनी कणगीमागे विजेरी मारली. नाक गेलं. मागोमाग समोरच्या काकू आल्या, त्यांनी बाहेरचं काहीतरी असेल असं निदान करून मीठमोहऱ्या ओवाळायला सांगितल्या. पलीकडचा एक जण म्हणाला, "चार दिवस उपाशी ठेवा, आपोआप येईल." प्रत्येकाने जाताना एकदा वाकून बघितलं. दुर्लक्ष करायचं असतं असं मी सांगितलं की लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे. बघू, दुर्लक्ष केल्यावर काय करते ती."

तिला कशाकशाची भीती वाटते याची यादी मी पहिले चार दिवस केली, मग सोडून दिली. कुकरची शिट्टी, रहाटाची करकर, झोपाळ्याच्या कड्या, आगरात पोफळीची विरी पडली की होणारा धप्प आवाज. सगळ्यांत जास्त उघडणारी छत्री. कोकणात, जून महिन्यात! आम्ही दोघं आगरात जाऊन छत्री उघडायचो आणि भिजून परत यायचो.

खाण्याचा वेगळाच घोळ. दूधभाताला ती तोंड लावीना. भाची म्हणाली, वास मोठा असलेलं काहीतरी द्या, मासे द्या. आमच्या घरात एकादशीला कांदासुद्धा चिरत नाहीत. आईने बऱ्याच विचाराने मागच्या न्हाणीघराच्या पलीकडची चूल आणि एक फुटका टोप मंजूर केला. त्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. बांगडा मिळाला तर सोन्याच्या भावाने. एरवी मासळीच्या टोपलीपासून दहा हात लांबून जाणारा मी मासेवालीसमोर घासाघीस करायला उभा राहिलो, तेव्हा तिने टोपलीवरचं फडकं काढायच्या आधी मला दोनदा विचारलं, "भाऊ, नक्की तुमच्याचकडे ना?" उकडलेल्या बांगड्याचा काटा बोटांनी कसा ओढून काढायचा हे तिनेच दाखवलं. मधला काटा अख्खा येतो. बारीक काटे बोटाच्या पेराने चाचपून काढावे लागतात, चष्मा लावून काही उपयोग नाही. मी चुलीपाशी काटे काढत बसलेला आणि आई पाठ करून जप करते आहे, असे आमचे श्रावणापर्यंतचे दिवस गेले.

तिला आवाजाची सवय व्हावी म्हणून रोज तासभर कणगीकडे पाठ करून मोठ्याने वाचायचं, हेही भाचीनेच सांगितलेलं. मी पेपर वाचायचो, अग्रलेखासकट. आठवडाभराने मागून जांभई ऐकू आली. मी आनंदाने फोन केला. भाची म्हणाली, "कंटाळा नाही मामा, ताण आला की कुत्री जांभया देतात." मी पस्तीस वर्षं ऑफिसात टिपणं वाचून दाखवली. समोरच्यांना एवढा ताण येत होता, हे कुणी सांगितलं असतं तर आवरती घेतली असती.

ती पहिल्यांदा दिवसा बाहेर आली ती मात्र माझ्यासाठी नाही. आई माजघरात तांदूळ निवडत बसली होती. आईला ऐकू कमी येतं, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि कुत्र्यावर तर तिचा रागच. त्यामुळे तिचं दुर्लक्ष अस्सल होतं. आमच्यासारखं डोळ्याच्या कोपऱ्यातून चाललेलं नव्हतं. वाघी कणगीमागून निघाली, आईपासून दोन हातांवर येऊन बसली आणि चक्क पाय चाटायला लागली, स्वतःचे. मी दारात श्वास धरून उभा. आई मान वर न करता म्हणाली, "हिला सांग, सुपाला शिवायचं नाही."

इथपर्यंत बरं चाललं होतं. मग गणपती आले.

गणपतीत आमच्या घरात मुंबई-पुण्याची सोळा माणसं. वाघीला मागच्या खोलीत ठेवून दाराला कडी लावली होती. पाचव्या रात्री आरती संपली, कुणीतरी बाहेर फटाक्यांची माळ लावली आणि कुणीतरी पाट ठेवायला मागची खोली उघडली. हे दोघे कोण ते अजून कळलेलं नाही. वाघी आगरात पळाली. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि रात्री आगराच्या कडेला तो येतो तो कुत्र्यांसाठीच. तेव्हा काळजीने सगळी वाडी विजेऱ्या घेऊन बाहेर पडली. अण्णा सगळ्यांत पुढे. "वाघी! वाघी आली का तिकडे? वाघी दिसली का?"

दोन घरं सोडून पर्यटकांना खोल्या देतात. तिथे उतरलेल्या एका कुटुंबाने हे ऐकलं. 'दिसली का' हे काही त्यांनी ऐकलं नाही. पहिली दोन अक्षरं पुरे होती. खिडक्या धडाधड लागल्या, मालकाला फोन गेला, मालकाने पुढे आणखी चौघांना केला, आणि दहा मिनिटांत दोन मोटरसायकली डबे वाजवत वाघ हाकलायला आल्या.

भाचीला फोन लावला तर ती ओरडलीच. "सगळ्यांना गप्प करा! हाका नकोत, उजेड नको. दार उघडं ठेवा, तिचं गोणपाट आणि बांगडा दारात ठेवा आणि बसून राहा." डबेवाल्यांना परत पाठवलं. बाकीचे झोपायला गेले. अण्णा जाईनात. "माझा आवाज ऐकूनच लांब गेली असेल ती," असं हळूच म्हणाले, म्हणजे हळू आवाजात बोलायचं त्यांना माहीत होतं तर. आम्ही दोघं ओटीवर अंधारात बसलो. पागोळ्या गळत होत्या, मागे समुद्राची गाज. अण्णा अडीच तास एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्या सौभाग्यवती मध्ये एकदा येऊन, बरे आहेत ना, म्हणून बघून गेल्या.

दोन वाजून गेल्यावर ती आली. चिखलाने बरबटलेली, कान मागे, बांगड्याकडे न बघता अण्णांच्या पायाशी आली. त्यांची बोटं हुंगली आणि पावलावर हनुवटी टेकून पडली. अण्णा समोर अंधारात बघत राहिले. पाचेक मिनिटांनी ओठ न हलवता म्हणाले, "पाय झोपलाय रे माझा."

"मग हलवा थोडा."

"नको," अण्णा म्हणाले.

दसऱ्यानंतर स्थळ आलं. चिपळूणचे निवृत्त गृहस्थ, घरी दोघंच, अंगणाला पुरुषभर उंचीचा चिऱ्याचा गडगा. तीनदा आले. दर खेपेला ओटीवर वाघीकडे पाठ करून बसले, चहा प्यायले, पेपर वाचला आणि गेले. बोलणं जवळजवळ नाहीच. काकूंना तो अपमान वाटला. आई म्हणाली, "मुका आहे काय हो?" तिसऱ्या खेपेला त्यांनी पेपर दुमडला तेव्हा वाघी त्यांच्या वहाणांना टेकून झोपली होती. त्यांनी तरीही बघितलं नाही. तेव्हाच मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. भाचीने त्यांचं घर जाऊन बघितलं, दोन पानांचा कागद भरून घेतला आणि वाघी गेली.

आठ दिवसांनी त्यांच्याकडून फोटो आला. मजकूर काही नाही. फोटोत बराचसा दरवाजा, थोडी तुळस, आणि कोपऱ्यात वाघीचा मागचा अर्धा भाग. शेपूट पोटाखाली नव्हती. अण्णांनी मोबाइल लांब धरून, जवळ आणून, आडवा करून बघितला.

"धड फोटोसुद्धा काढता येत नाही माणसाला," ते म्हणाले. "कुठे बघून काढलान काय माहीत!"