‘तिसरीपर्यंत थांबा’ सांगणाऱ्या निरोपाला उत्तर

“मुलाला अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात सतत येणारी अडचण) असेल असे वाटले तरी तिसरीपर्यंत थांबा, शाळेला लेखी काही देऊ नका, प्रमाणपत्राचा शिक्का जन्मभर पुसला जात नाही,” हा निरोप पालकांच्या गटांतून फिरत माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला आणि तिने दुसरीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याच्या तपासणीची महत्प्रयासाने मिळालेली तारीख रद्द केली.

थांबण्याच्या सल्ल्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. केंद्र सरकारच्या 2018 च्या मूल्यमापन सूचनांनुसार या अक्षमतेचे प्रमाणपत्र 8 वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाच द्यायचे होते. परंतु प्रमाणपत्रासाठी थांबणे वेगळे आणि मदतीसाठी थांबणे वेगळे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 16 सरकारी अनुदानावर चालणाऱ्या किंवा मान्यताप्राप्त शाळांना उद्देशून आहे आणि मुलांमधील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर अध्यापनाचे योग्य उपाय योजण्याची जबाबदारी शाळांवर टाकते. आधी प्रमाणपत्र आणा, अशी अट त्या तरतुदीत कोठेही नाही. फळ्यावरचे ‘मगर’ वहीत ‘गरम’ होते म्हणून माझ्या भाच्याला रोज बोलणी बसतात, आणि गेल्या महिन्यापासून त्याचे पोट नेमके प्रकट वाचनाच्या दिवशीच दुखू लागले आहे. निरोप लिहिणाऱ्या महाभागाच्या मते हे त्याने आणखी वर्षभर सोसावे!

‘जन्मभराच्या शिक्क्या’बद्दल इतकेच, की त्याच सूचनांनुसार प्रमाणपत्रासाठी 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करावयाची होती. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट या सवलती कलम 17 मध्ये आहेत; त्यांना शिक्का म्हणणाऱ्याने त्या एकदा वाचाव्यात.

लेखी दिल्यास शाळा नाव काढून टाकते, ही भीतीही निराधार आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अल्पसंख्याक शाळा मात्र त्या कायद्याबाहेर आहेत. उलट तोंडी सांगितलेले शाळा सोयीने विसरते.

बहिणीने तपासणीची तारीख पुन्हा मागितली आहे. तोवर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज दोन प्रतींत लिहून झाला असून, आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेतल्याखेरीज कार्यालयातून हलायचे नाही, असे मी तिला बजावले आहे.