दुसरा भाग लवकरच

वेब सिरीज काढायची म्हणताय? छान. मग आधी लोगो करून घ्या. गोष्टीचं काय, ती सुचते पुढेमागे. प्रॉडक्शन हाऊसच्या नावात फिल्म्स, स्टुडिओज आणि एंटरटेन्मेंट हे तिन्ही शब्द आलेच पाहिजेत. ऑफिस म्हणजे पुण्यात कर्वेनगरातली तुमची कॉट बेसिसची कॉट, हे पोस्टरवर थोडंच दिसतंय! पोस्टरवर 'सीझन 1' मात्र ठळक छापा. आठ भाग जाहीर करून टाका. पहिल्याचंही शूटिंग झालेलं नाही ही आतली गोष्ट आहे, ती आतच राहू द्या.

विषय शोधत बसू नका. चार मित्र, एक फ्लॅट, एकाची हिंजवडीतली नोकरी सुटते, दुसऱ्याला सिनेमा करायचाय. हा दुसरा म्हणजे हिरो. त्याच्यासाठी काही अभ्यास लागत नाही, आरसा पुरतो. पटकथा आधी लिहून काढूया असा हट्ट एखादी मैत्रीण धरेल. तिला सांगा, आपल्याला ऑरगॅनिक हवंय. संवाद रात्री दोनला व्हॉट्सॅपवर टाकायचे आणि सकाळी सातला नटांनी ते पाठ केले नाहीत म्हणून चिडायचं.

पैशांचा विषय निघाला की दादासाहेब फाळक्यांचं नाव घ्या. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला, पण त्याआधी सिनेमाच्या नादापायी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला. एवढं घरी सांगायचं आणि आईच्या पाटल्यांकडे बघायचं. त्याच फाळक्यांनी आधी वाटाण्याचं रोप उगवताना दिवसेंदिवस बसून टिपलं, ती चिमुकली फिल्म दाखवली आणि मग कुठे पैसे देणारा माणूस मिळाला, हा भाग गाळा. टेस्ट शूट वगैरे वाटाणे सोलण्याची कामं आपली नव्हेत.

सगळं बजेट कॅमेऱ्यात घाला. फुल फ्रेम बॉडी, दोन लेन्स आणि कॅमेरा हलू न देणारं एक गिंबल यांचं दोन दिवसांचं भाडं भरलं की बिस्किटपुड्यापुरते पैसे उरतात, त्यात साऊंड बसवा. सेटिंग अमेरिकन यूट्यूबवाल्या गुरुजींनी सांगितलंय तेच ठेवा, शटर 1/60, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. त्यांच्याकडे वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50 ची. त्यामुळे आपल्या ट्यूबलाईटखाली 1/50 किंवा 1/100 ठेवलं नाही तर भिंतीवरून काळपट पट्टे सरकत राहतात, हे तुम्हाला एडिटला बसल्यावर कळेल. तेव्हा म्हणायचं, हिरोची मनःस्थिती आहे ती.

लोकेशन मात्र फुकटच हवं. बाहेरच्या सीनसाठी झेड ब्रिज आहेच, परवानगी कोण विचारतंय? विचारलीच तर 'काका, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे' म्हणायचं. कॉलेज सोडून दोन वर्षं झाली असली तरी हे वाक्य चालतं. आतल्या सीनसाठी कुणाची तरी काकू असते. आम्हाला सदाशिव पेठेत एक मिळाली होती. दोन खोल्या, जुनं लाकडी कपाट, खिडकीतून येणारा तिरपा उजेड. नुसतं बघून आमचा कॅमेरामन हळवा झाला. फ्रिज फार घरघरत होता म्हणून बंद केला. फ्रिज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली आत ठेवावी, म्हणजे निघताना किल्लीसाठी तो उघडावा लागतो आणि बटण आठवतं, असं जुनी मंडळी सांगतात. तुम्ही ऐकू नका. आम्हीही ऐकलं नव्हतं. मे महिना होता आणि फ्रीजरमध्ये काकूंनी लेकीसाठी आटवून ठेवलेल्या आमरसाचे तीन डबे होते. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. गणपतीत दुसऱ्या भागासाठी घर मागायला गेलो तेव्हा चहा दिला आणि म्हणाल्या, "यंदा रंगकाम काढलंय रे." पुढच्या वर्षीही रंगकामच होतं.

बरं, फ्रिज बंद करूनही साऊंड आला नाही तो नाहीच. शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या हिरोइनच्या नकाराच्या बरोबर मधोमध बसल्या आहेत. टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवायची, म्हणजे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज चित्राशी जुळवता येतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण टाळी वाजवली की नटांचा मूड जातो ना!

नट कुठून आणायचे? पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका करणारी कॉलेजची मुलं घ्या. कसदार असतात. फक्त भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते, त्यामुळे 'मला फार एकटं वाटतं' हे वाक्य सगळ्या वाड्याला कळतं. ऑगस्ट लागला की ती स्पर्धेत गुंतणार, हे तारखा ठरवताना विसरायचं. हिरोला दाढी ठेवायला लावा आणि त्याच्या कॅम्पस इंटरव्ह्यूची तारीख विचारू नका. आमचा हिरो दार उघडून बाहेर पडतो तेव्हा दाढी आहे, जिन्यात उतरतो तेव्हा गुळगुळीत. आम्ही तो जिना ड्रीम सीक्वेन्स म्हणून खपवला.

मानधन वगैरे काढू नका, वातावरण बिघडतं. एक्स्पोजर मिळेल म्हणा. कॉल टाइम सातचा द्या, पोहे साडेदहाला. स्वतःची अ‍ॅक्टिवा घेऊन येणाऱ्याला असोसिएट क्रिएटिव्ह प्रोड्यूसर करा. पेट्रोल तोच भरेल.

आणि कमाई? यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा हवा तर 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास बघितलं जायला हवं. आपला भाग बारा मिनिटांचा, म्हणजे वीस हजार माणसांनी तो शेवटपर्यंत बघायला हवा. हा हिशेब टीमसमोर मांडू नका. पहिल्या दिवशी तीनशे व्ह्यूज दिसतील, त्यातले निम्मे तुमचेच असतील. सगळे मित्र 'कडक' लिहून आगीचे इमोजी टाकतील, कारण बहुतेकांनी ट्रेलरच पाहिलेला असतो.

मग सगळे पांगतात. हिरो नोकरीला लागला. हिरोइन आणि दिग्दर्शक एकमेकांना बघून रस्ता बदलतात. एडिटर सगळ्यात सोशिक, आठवडाभर ओठ बघून आवाज जुळवत बसला होता. तो बंगळुरूला गेला, आणि दुसऱ्या भागाचं अर्धं शूट असलेली हार्ड डिस्क त्याच्याच बॅगेत गेली. कॉपी नाही.

हिरोच्या आजीने मात्र पहिला भाग अथपासून इतिपर्यंत पाहिला, दोनदा. कुकरच्या शिट्ट्या ऐकून दोन्ही वेळा गॅस बघायला उठल्या म्हणे. लग्नकार्यात भेटल्या की हात धरून विचारतात, "त्या पोरीने शेवटी होकार दिला का रे? पुढचा कधी लावताय?"

अशा वेळी वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचं, "एडिटला आहे, आजी."