‘देवाला कोणी बनवलं?’ हा प्रश्न थॉमसला लागत नाही

‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून जगालाही असणार, ते कारण म्हणजे देव, असं थॉमस अक्वायनस म्हणतो. मग देवाला कोणी बनवलं? शिवाय असणं हा काही गुण नाही, हे कांटने दाखवलंच आहे. विषय संपला.’ असा मजकूर सारखा फिरत असतो. (थॉमस हा तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित, कांट हा अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ.) मी श्रद्धाळू नाही आणि थॉमसची वकिली करायची हौसही नाही. पण ज्याला झोडपायचं त्याचं म्हणणं आधी वाचावं तरी!

मुळात पहिलं वाक्यच त्याचं नाही. ‘सुम्मा’ या त्याच्या मुख्य ग्रंथातले, देव आहे हे दाखवणारे पाच मार्ग काढून बघा. जे बदलतं ते दुसऱ्या कशामुळे तरी बदलतं, काही गोष्टी असू शकतात तशा नसूही शकतात, अशी त्याची सुरुवात. ‘प्रत्येक गोष्टीला’ हे शब्द लोकांनी चिकटवलेत.

मोठी गफलत आहे ती ‘बनवलं’ या शब्दात. तो ऐकला की मुलगा, बाप, आजा, पणजा अशी मागे जाणारी रांग डोळ्यापुढे येते. ती रांग अनंत असायला थॉमसची हरकतच नाही. जगाला आरंभ होता हे तर्काने सिद्ध होत नाही, श्रद्धेनेच मानायचं, असं त्याने स्पष्ट लिहिलंय. १२७० च्या सुमारास त्यावर वेगळी पुस्तिकाही लिहिली, तीही आपल्याच धर्मपंडितांविरुद्ध. त्याची रांग निराळी आहे. काठी दगड ढकलते, काठीला हात ढकलतो. हात थांबला की दगडही थांबला. घर बांधून गवंडी निघून गेला तरी घर उभं राहतं, पण सूर्य मावळल्यावर हवेत उजेड साठून राहत नाही. वस्तूंचं असणं हे त्या उजेडासारखं, आत्ता मिळत असलेलं.

हे असणं म्हणजे काय? तिशीच्या आसपास लिहिलेल्या ‘दे एन्ते एत एसेन्तिया’ (‘असणारी वस्तू आणि तिचं सार’) या पुस्तिकेत तो म्हणतो, फिनिक्स पक्षी म्हणजे काय हे मला समजतं, तो खरोखर आहे की नाही हे ठाऊक नसतानाही. म्हणजे ‘काय’ वेगळं आणि ‘आहे’ वेगळं. (या भेदात इब्न सिना या मुस्लिम तत्त्वज्ञाचं ऋण मोठं.) त्याचा शब्द ‘एस्से’, आपल्या ‘असणे’सारखंच क्रियापद. चिंच आंबट आहे, लांबट आहे आणि शिवाय ‘आहे’, असं आपण बोलत नाही. असणं गुणांच्या यादीत बसतच नाही. ते नसेल तर यादी कशाचीच नाही.

आता कांट. १७८१ साली शंभर थालरांचा (तेव्हाची जर्मन नाणी) दाखला देऊन, म्हणजे मनातले शंभर आणि खिशातले शंभर यांच्या कल्पनेत काहीच फरक नाही असं सांगून, त्याने खोडलं ते व्याख्येतून अस्तित्व उपसणं. अँसेल्म या आधीच्या धर्मपंडिताचा तसला युक्तिवाद (देव म्हणजे ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही, म्हणून तो असलाच पाहिजे) थॉमसने पाचशे वर्षं आधीच नाकारला होता. विश्वकारणाचा युक्तिवादही (जग आहे, म्हणजे त्याला कारण हवं) शेवटी त्या व्याख्येच्या युक्तिवादावरच टेकतो, असं कांट म्हणतो खरं. पण थॉमसच्या बाबतीत ते वेगळं दाखवावं लागेल, नुसतं नाव घेऊन भागत नाही.

आणि देव? ज्याचं ‘काय’ आणि ‘आहे’ एकच, त्यालाच थॉमस देव म्हणतो. ज्याचं असणं उसनं आहे, त्यालाच ‘कुठून आणलंस?’ विचारता येतं. हे पटलंच पाहिजे असं नाही. पण घाव घालायचा तर ‘काय’ आणि ‘आहे’ यांच्या भेदावर घालावा: तो वस्तूत आहे की आपल्या बुद्धीत? सुआरेझ (१५४८–१६१७) हा जेझुइट या कॅथलिक संघातला तत्त्वज्ञ, म्हणजे थॉमसच्या घरचाच माणूस, आणि तो म्हणतो, बुद्धीत.