ब्रेक लाइटला ३० अँपिअरचा फ्यूज? नको!

सोलापुरातल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘ब्रेक लाइटचा फ्यूज सारखा उडतोय? १० अँपिअरच्या जागी ३० चा टाका, गॅरेजचा खर्च वाचेल.’ हे साफ चूक आहे. फ्यूज असतो वायरिंग वाचवायला. मोठा टाकला की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. खर्च वाचला म्हणे! २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, असे तीन बल्ब धरले तरी १० चा फ्यूज पुष्कळ. मग फ्यूज का उडतो? बऱ्याचदा डिकीच्या बिजागरीपाशी वायर घासून उघडी पडलेली असते, पत्र्याला टेकते. आधी तिथली टेप सोडून बघा. फ्यूज ठीक असूनही सगळेच ब्रेक लाइट बंद असतील, तर पेडलजवळचा स्विच तपासा.