दोन सेंटिमीटरला किती दात?

घरात कुणाचाही हात चांगला असू नये. गळा चांगला असलेल्यांना हळदीकुंकवाला एक गाणं म्हणायला लावतात आणि सोडून देतात. हात चांगला निघाला की मात्र सुटका नाही. नणंदेच्या लग्नात रुखवतावर मी साखरेचं तुळशीवृंदावन मांडलं, तेव्हापासून घराण्यातली प्रत्येक रांगोळी, केळवणाच्या ताटाभोवतीची प्रत्येक महिरप आणि मुंजीतली प्रत्येक झोळी माझ्या नावावर चढली आहे. त्यामुळे सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं आणि पुण्याहून नणंदेचा फोन आला, तेव्हा पहिली रिंग वाजतानाच माझ्या पोटात गोळा आला होता.

"वहिनी, हॉल दादा बघतोय, जेवणाचं मी बघते. तू एक स्क्रॅपबुक कर. हातानं केलेलं. नानांच्या आयुष्यातले सगळे टप्पे. तुला काय, बसल्याबसल्या होईल."

बसल्याबसल्या होणारी कामं करूनच माझी कंबर कायमची गेली आहे, पण हे नणंदेला कोण सांगणार! हजार पौर्णिमांचा हिशेब केला तर ८० वर्षं १० महिन्यांच्या आसपास जातो. आमच्याकडे तो नेमका जानेवारीत येत होता. म्हणजे काम डिसेंबरात, नाशिकच्या थंडीत.

नणंद एक गोष्ट विसरली होती. नाना प्रेसमधले. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्राचा छापखाना कुणाच्या डोक्यात येत नाही. १९२५ साली सुरू झालेली इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि तिच्या शेजारची नोटांची, एवढ्या दोनच प्रेस. टपालाची तिकिटं, स्टँपपेपर, पासपोर्ट हे सगळं इथलं. नानांची उभी हयात छापून आलेल्या शीटवरचे दोष हेरण्यात गेली. निवृत्त झाल्यावर शीट यायच्या बंद झाल्या, नजर तशीच राहिली. मंगळसूत्राची एक वाटी दुसरीपेक्षा किंचित मोठी आहे, हे लग्नानंतर मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं.

कागदासाठी मेनरोड गाठला. रविवार कारंजावर गाडी लावायला जागा शोधणं हे ज्याचं त्यानं भोगावं, त्याविषयी मी लिहिणार नाही. मी नेटवर अभ्यास करून गेले होते. कागदात लिग्निन राहिलं तर तो पिवळा पडतो, उन्हात ठेवलेल्या पेपरचं होतं तसं. आणि आम्ल असेल तर कागद ठिसूळ होतोच, वर चिकटवलेल्या फोटोलाही घेऊन बुडतो.

"ॲसिड-फ्री कागद आहे का?"

दुकानदारानं मला नीट न्याहाळलं. "ताई, आमच्या कुठल्याच कागदात ॲसिड नसतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मागे उभ्या असलेल्या बाईंना माझी दया आली. "ॲसिड समोर हार्डवेअरला मिळेल," त्या म्हणाल्या. "फरशीवरचे डाग ना?"

शेवटी जाड कार्डशीट घेतली. परदेशात स्क्रॅपबुकचं पान १२ बाय १२ इंचाचं असतं म्हणे, म्हणून तशीच कापून मागितली. कापणाऱ्या पोऱ्याचं सगळं लक्ष मोबाईलवरच्या क्रिकेटमध्ये होतं. एकही पान दुसऱ्याच्या मापाचं निघालं नाही, पण हे मला घरी येईपर्यंत कळलं नाही. नानांना दारातूनच कळलं.

हे सगळं त्यांच्यापासून लपवून करायचं होतं. नाना दुपारी झोपतात अशी आमची समजूत होती. मी दिवाणखान्यात सतरंजीवर पसारा मांडून बसले होते, तेवढ्यात मागून हात आला, एक पान अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चोळलं आणि आवाज आला, "दोनशेवीस जीएसएम." म्हणजे कागदाचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन. पावती काढून बघितली. २२० जीएसएम.

त्या दिवसापासून सरप्राईज संपलं आणि तपासणी सुरू झाली. नानांनी स्टीलची पट्टी, भिंग आणि पेन्सिल घेऊन शेजारी खुर्ची टाकली. फोटोला शोभेची किनार यावी म्हणून मी नागमोडी दातांची कात्री आणली होती. पहिलीच चौकट कापून त्यांच्यासमोर धरली.

"दोन सेंटिमीटरला किती दात?"

"अहो नाना, शोभेचं आहे ते."

"तिकिटाचे दात दोन सेंटिमीटरलाच मोजतात. इथे चार भरतात. कोपऱ्यावर तीनच. हे मी पास केलं नसतं." आणि पेन्सिलीनं कोपऱ्यावर बारीक फुली.

बाद पानांचा वेगळा गठ्ठा लागला. तो पास पानांपेक्षा भराभर वाढत होता.

मार्क ट्वेननं १८७३ साली आधीच डिंक लावून ठेवलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. पाणी लावा आणि चिकटवा. एवढा मोठा विनोदी लेखक या फंदात का पडला, हे आता मला विचारू नका. त्याच्याही घरी असाच कार्यक्रम असणार. मी ही माहिती कौतुकानं नानांना सांगितली. ते म्हणाले, "त्यात काय, तिकिटालाही मागून डिंकच असतो. प्रश्न डिंकाचा नाही, सरळ चिकटवण्याचा आहे."

डिंकाचा प्रश्न होताच. पांढरा गोंद थंडीत वाळता वाळेना, आणि जिथे वाळला तिथे पानाला पोक आला. मग गॅलरीत उन्हात जुनं धोतर अंथरून, बेदाणे करायला द्राक्षं पसरावीत तशी पानं पसरली, आणि संध्याकाळी त्यांच्यावर पाटा ठेवला. वरवंटाही ठेवणार होते, पण आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चटणीसाठी मागून घेतला.

फोटोंची तऱ्हा तर विचारूच नका. पलंगाखालच्या ट्रंकेत सगळ्यात जुने फोटो काळ्या जाड पानांवर कागदी कोपऱ्यांत खोचलेले, ते अलगद निघाले. खरा छळ ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बमनं केला. वर प्लास्टिकचा पापुद्रा, खाली गोंदाच्या रेघा. त्या वेळी प्रत्येक घरात तो अल्बम म्हणजे श्रीमंती होती. आता फोटो आणि पान यांचं अद्वैत झालेलं. ओढला तर फोटो फाटणार. उपाय एकच. शिवणाचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळायचा, कोपऱ्याखाली सरकवायचा आणि पुढे-मागे, पुढे-मागे ओढत न्यायचा. चर्र, चर्र आवाज येतो, पिवळ्या गोंदाच्या तारा ताणतात आणि तुटतात. माझ्या नवऱ्याचा मुंजीतला फोटो असा सोडवत होते. गोटा सुटला, घेरा सुटला, कानाशी दोरा अडकला. मी श्वास रोखला. नवरा शेजारून म्हणाला, "कान गेला तरी चालेल, तसाही मी ऐकत नाही असं तुझं म्हणणं आहे." तो कान मी शाबूत काढला, केवळ पुढे वाद घालता यावा म्हणून.

नव्वदीनंतरच्या फोटोंवर कोपऱ्यात नारिंगी तारीख. कॅमेऱ्यात ती कुणी कधी लावलीच नव्हती, त्यामुळे आमचा साखरपुडा, भाच्याचं बोरन्हाण आणि नव्या फ्लॅटची वास्तुशांत एकाच वर्षाच्या एक जानेवारीला झाली आहे. पण सगळ्यात मोठा खटला पुराच्या फोटोचा. नाना आणि आई, लग्नाला फार दिवस झालेले नसावेत, एका छत्रीत, मागे गोदावरी आणि पार बुडत आलेला दुतोंड्या मारुती, ज्या मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात तो. आई म्हणाल्या, ७०. दादा पोटात होता, मला सगळं आठवतं. नाना म्हणाले, महापूर १९६९ चा, तो नाशकात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी 'सुमारे' लिहायची तयारी दाखवली. पुराला सुमारे नसतो, असं नाना म्हणाले. स्वयंपाकघर एकच असल्यामुळे पानावर आईंचं साल गेलं.

मग राजकारण. थोरल्या जाऊबाई रोज संध्याकाळी 'जरा बघायला' येऊन आपल्या मुलांचे फोटो मोजून जात. नणंदेला तिचा आठवीतला दोन वेण्यांचा फोटो कुठेही नको होता आणि नेमक्या त्याच फोटोत नानांचा निरोप समारंभ होता. एका चुलतसासऱ्यांशी देवळालीच्या प्लॉटवरून वीस-पंचवीस वर्षं बोलणं नाही. आणि प्रत्येक ग्रुप फोटोत ते मधोमध, हात पसरून. कापावं तर आत्याबाई अर्ध्या होतात. मी कागदाचं मोठं कमळ करून फोमच्या टेपनं त्यांच्या चेहऱ्यावर बसवलं. संबंध सुधारले तर नखानं उचलता येईल, असं. कार्यक्रमाला ते आले, पान उघडलं, कमळ ओळखलं आणि चारचौघांत नखानं उचललं. "अरे, हा मीच की!" त्यांनी ते कमळ स्वतः जपून खिशात ठेवलं. प्लॉटचा विषय कुणी काढला नाही, बासुंदी मात्र ते तीनदा घेऊन गेले.

बाकी पुस्तकाचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. प्रत्येकानं आधी स्वतःला शोधलं, मग स्वतःच्या मुलांना, आणि नाना कुठल्याच पानावर नसते तरी चाललं असतं अशा वेगानं पानं उलटली. सहाव्या पानावर मात्र गर्दी थांबली. तिथे थोरल्या भाऊजींचं बारसं, पाळण्यात टोपडं घातलेलं बाळ. फोटो आईंनी स्वतः शोधून दिला होता. जाऊबाईंना त्या नाकात आपला नातू दिसला, भाऊजींनी ते पान मोबाईलवर काढून साऱ्या ग्रुपवर टाकलं, नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाहुणे गेल्यावर नानांनी पुस्तक मांडीवर घेतलं, भिंग लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि सकाळी मला परत दिलं. शेवटच्या पानाला टाचणीनं एक कागद लावला होता. त्यावर पट्टीनं आखून, सुवाच्य अक्षरात:

शुद्धिपत्र
पान ५ : पुराचे साल १९६९ असे वाचावे. सौ.चे म्हणणे ग्राह्य धरू नये.
पान ९ : चौकट डावीकडे दीड मि.मी. सरकली आहे. यावेळी चालेल.
पान ६ : पाळण्यातील बाळ आपले नव्हे, समोरच्या क्वार्टरमधले आहे. आपल्या बारशाला फोटोग्राफर आलाच नव्हता. फोटो काढून टाकू नये, दात बरोबर आले आहेत.