83.5 टक्के भरलेलं विमान: एका फिरत्या मजकुराला उत्तर

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकड्यांनुसार 2024 मध्ये जगभरातल्या विमानांचं भारमान, म्हणजे विमानं किती भरली याचं प्रमाण, 83.5 टक्के होतं, म्हणजे प्रत्येक विमानात दर सहा खुर्च्यांमागे एक रिकामी उडाली. पण आपण बसतो ते विमान तर नेहमी गच्च भरलेलं असतं, तेव्हा आकडा खोटा असणार. खरा असलाच, तर रिकाम्या खुर्च्या शेवटच्या क्षणी मिळेल त्या भावाला विकायला हव्यात, कारण विमान जितकं भरेल तितका नफा. आणि ज्या कंपनीचं भारमान जास्त, ती कंपनी जोरात.

आकडा बरोबर उतरवला आहे. तो तोवरच्या वार्षिक आकड्यांतला उच्चांक होता. त्यापुढचं जवळपास प्रत्येक वाक्य चुकलं आहे. मी काही वर्षं भारमानाचे तक्ते तयार करण्याचं काम केलं, म्हणून हा मजकूर वाचून गप्प राहवत नाही.

आधी आकडा कशाचा आहे ते पाहू. भारमान काढताना डोकी मोजत नाहीत. डोकी गुणिले अंतर मोजतात. पैसे भरलेल्या प्रवाशांनी कापलेले किलोमीटर भागिले विक्रीसाठी असलेल्या आसनांनी कापलेले किलोमीटर. समजा, 180 खुर्च्यांची दोन विमानं आहेत. एक 300 किलोमीटर उडालं, पूर्ण भरून. दुसरं 3,000 किलोमीटर उडालं, निम्मं भरून. खुर्च्या मोजल्या तर 360 पैकी 270 भरल्या, म्हणजे 75 टक्के. आता अंतर धरा. प्रवासी-किलोमीटर 3,24,000 आणि आसन-किलोमीटर 5,94,000. भारमान आलं साधारण साडेचोपन्न टक्के. विमानं तीच, माणसं तीच, तरी उत्तरात वीस अंकांचा फरक. त्यामुळे 83.5 वरून ‘दर सहा खुर्च्यांमागे एक’ असा हिशेब प्रत्येक विमानाला लावताच येत नाही. शिवाय इंधनाच्या किंवा वजनाच्या मर्यादेमुळे ज्या खुर्च्यांवर माणूस बसवताच येत नाही, त्या आसन-किलोमीटरमध्ये धरू नयेत असं आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची व्याख्या सांगते. तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली तरी हिशेबात ती रिकामी असेलच असं नाही.

मग आपलं विमान नेहमी भरलेलंच का दिसतं? पुन्हा 180 खुर्च्यांची दोन विमानं घ्या, या वेळी अंतरही सारखंच. एकात 180 माणसं, दुसऱ्यात 60. भारमान 66.7 टक्के. आता विमानतळाच्या दाराशी उभं राहून या 240 प्रवाशांना विचारा, विमान कसं होतं? 180 जण, म्हणजे चारातले तीन, सांगतील की एकही जागा मोकळी नव्हती. रिकाम्या विमानाची साक्ष द्यायला माणसंच कमी असतात. त्यात आपण बहुतेक जण सुट्टीत आणि सोयीच्या वेळी प्रवास करतो, म्हणजे इतर सगळे करतात तेव्हाच. सुट्टी लागताना जाणारं विमान तुडुंब असतं आणि तेच विमान परत येताना अर्धं रिकामं असतं, पण परत तर यावंच लागतं. तो परतीचा प्रवास तुम्ही पाहिलेला नसतो, तक्त्यात मात्र तो असतो. अनुभव खरा आणि आकडाही खरा.

रिकाम्या खुर्च्या मिळेल त्या भावाला विकाव्यात, हा या मजकुरातला सर्वांत पटणारा आणि म्हणूनच सर्वांत फसवा मुद्दा. उडालेल्या विमानातली रिकामी खुर्ची कायमची वाया जाते, हे मान्य. पण निर्णय घ्यायचा असतो उड्डाणाच्या आधी, आणि तेव्हा ती रिकामी राहणार हे कोणालाच माहीत नसतं. बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी 1972 मध्ये यावर एक साधा नियम मांडला. स्वस्त तिकीट पूर्ण भाड्याच्या 40 टक्के असेल आणि पूर्ण भाडं देणारा प्रवासी नंतर येण्याची शक्यता 40 टक्क्यांहून जास्त असेल, तर खुर्ची राखून ठेवा. दहातल्या पाच वेळा तो प्रवासी येणार असेल, तर उरलेल्या पाच वेळा खुर्ची रिकामी उडेल, आणि तरीही दहाही वेळा राखून ठेवण्याचा निर्णय बरोबरच असेल. शिवाय शेवटच्या दिवशी भाव पडतो हे एकदा कळलं की पूर्ण भाडं देणारेही थांबून राहायला लागतात. तेव्हा स्वस्तात भरलेली खुर्ची शेजारच्या खुर्चीचं उत्पन्नही खाली ओढते.

अमेरिकन एअरलाइन्सने जानेवारी 1985 मध्ये स्वस्त भाडी काढली ती नेमकी उलट्या टोकाने: आधी आरक्षण करणाऱ्यांसाठी आणि मोजक्याच खुर्च्यांवर. उरलेल्या खुर्च्या उशिरा येणाऱ्या, जास्त पैसे देणाऱ्या प्रवाशांसाठी राखल्या. सरसकट कमी भाड्यावर विमानं भरणारी पीपल एक्सप्रेस या माऱ्यापुढे टिकली नाही. फ्रंटियर ही दुसरी विमान कंपनी विकत घेतल्याचं ओझंही तिच्या डोक्यावर होतंच. 1986 मध्ये ती विकली गेली.

‘भरलं की नफा’ याचंही उत्तर यातच आहे. एका आसन-किलोमीटरचा खर्च 8 आणि एका प्रवासी-किलोमीटरमागचं उत्पन्न 10 धरा. 80 टक्के भारमानाला तोंडमिळवणी होते, म्हणजे ना नफा ना तोटा. भाडी दहा टक्क्यांनी उतरवली की तोंडमिळवणीची ती रेषा जवळपास 89 वर जाते. विमान 85 टक्के भरलं, पूर्वीच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त माणसं बसली, आणि कंपनी नफ्याच्या काठावरून तोट्यात गेली. अमेरिकेतल्या स्पिरिट एअरलाइन्सची विमानं 2023 मध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरलेली होती; त्या वर्षी तिचा तोटा सुमारे 44 कोटी 75 लाख डॉलर होता आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तिने दिवाळखोरी संरक्षण मागितलं. याउलट, 1978 च्या नियंत्रणमुक्तीआधी अमेरिकेत भाडी सरकारी मंडळ ठरवत असे, आणि सत्तरच्या दशकात त्या मंडळाने भाड्याच्या हिशेबासाठी 55 टक्केच भारमान गृहीत धरलं होतं, म्हणजे विमान निम्म्याहून थोडंच जास्त भरलं तरी कंपनीला परवडावं अशी भाडी.

दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना तर फारच जपायला हवं. ईझीजेट या ब्रिटिश विमान कंपनीच्या व्याख्येत तिकीट काढून न आलेला प्रवासीही प्रवासीच, कारण पैसे परत मिळत नाहीत. आणि तिच्या भारमानात अंतराचं वजन धरलेलंच नसतं. अशा आकड्याची आयाटाच्या पद्धतीने काढलेल्या आकड्याशी थेट तुलना करणं म्हणजे वजन आणि माप एकाच रकान्यात लिहिणं.

आणि चढतं भारमान म्हणजे वाढता धंदा, हेही खरं नाही. हा भागाकार आहे. छेद लहान केला तरी उत्तर मोठं येतं. रिकाम्या फेऱ्या बंद केल्या की एकही नवा प्रवासी न मिळवता भारमान वर जातं. एप्रिल 2020 मध्ये महासाथीने विमानं जमिनीवर आणली, तेव्हा जागतिक भारमान 36.6 टक्क्यांवर आलं, आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही खाली. नुसता तो आकडा पाहणाऱ्याला वाटेल की निम्मे प्रवासी घटले. प्रत्यक्षात प्रवासी-किलोमीटर 94.3 टक्क्यांनी घटले होते. आसन-किलोमीटरही 87 टक्क्यांनी कापले होते, म्हणून भारमान तेवढं तरी दिसलं.